तांबडी पेशी वाकडी का होते?



नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या आपल्या वस्त्यांत ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. लेकराचे हातपाय सुजतात, थंडी पडली की सांधे ठणकतात, डोळे पिवळे दिसतात. पण नेमके बिघडते काय असे विचारले, तर ‘रक्त खराब आहे’ एवढेच उत्तर मिळते. काही घरी तर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि मुलाच्या दंडाला मांत्रिकाचा गंडा! म्हणून आज रक्ताच्या पेशीच्या आत डोकावू या.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती चरबीच्या दोन थरांचे पातळ आवरण असते व त्यात प्रथिने बसवलेली असतात. आत काय घ्यायचे, बाहेर काय सोडायचे हे ते आवरण ठरवते. बहुतेक पेशींच्या आत केंद्रक असते, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. तांबडी पेशी मात्र न्यारी. हाडांच्या मगजात तयार होताना हा सगळा संसार तिच्याकडे असतो. रक्तात उतरण्याआधी ती केंद्रक टाकून देते, मग उरलेली भांडीकुंडीही काढते. राहते ते आवरण आणि त्यात ठासून भरलेले हिमोग्लोबिन. प्राणवायू वाहायला जागा भरपूर झाली खरी, पण आवरण विरले तर दुरुस्तीला नवी प्रथिने करता येत नाहीत. मिळाले त्या एकाच लुगड्यावर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. त्यात तिच्याहून अरुंद रक्तवाहिन्यांतून अंग दुमडून जायचे!

१९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्याच साली इंग्लंडात केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी दाखवले की, सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमधील फरक एका लहानशा तुकड्यात आहे. पुढच्या वर्षी कळले की तेथे एकच अमिनो आम्ल बदललेले असते. एवढ्याशा बदलाने प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब कांड्या बनवते. कांड्या आवरणाला आतून ढोसतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू मिळाला की ती पुन्हा गोल होते. असे वारंवार झाले की आवरण गळू लागते. त्यातून पोटॅशियम आणि त्यामागे पाणी निघून जाते. पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन अधिक दाट होते आणि पेशी आणखी लवकर वाकते. शेवटी ती वाकडीच राहते, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, वाट अडवते. लेकरू रात्रभर कण्हते ते यामुळे. अशा पेशी १०-२० दिवसांतच मोडतात, म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

डॉक्टर ‘पाणी भरपूर पाजा’ म्हणतात त्याचे कारण हेच. उन्हात राबणाऱ्या आईबापांनी शाळेत जाणाऱ्या अशा मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली न चुकता घालावी.

आता घरातील भांडणाविषयी. मूल आजारी निघाले की सासू सुनेला बोलते, ‘तुझ्या माहेरचे रक्त!’ हे साफ खोटे. ‘एस एस’ मूल जन्मते तेव्हा एक दोष आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो. दोघेही ‘ए एस’, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता ‘एस एस’ मुलाची, ५० टक्के वाहकाची आणि २५ टक्के दोषमुक्त मुलाची असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब करू नये. वाहक माणूस रोगी नव्हे. उलट लहानपणी जिवावरच्या हिवतापापासून त्याला काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणूनच हा दोष आफ्रिकेत, अरबस्तानात आणि आपल्याकडच्या आदिवासी भागांतही टिकला. त्याला ‘आपल्या समाजाचा रोग’ म्हणून लाजण्याचे कारण नाही. मात्र पिढ्यान्‌पिढ्या बेटीव्यवहार एकाच जातीत कोंडला की दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाने, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठात मांडले होते.

आपण पत्रिका बघत नाही, हे चांगलेच. पण सोयरीक ठरण्याआधी मुलामुलीचे रक्त जरूर तपासावे. सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिसने ‘ए एस’ की ‘एस एस’ ते कळते. लग्न झाले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्याच महिन्यांत दोघांचीही तपासणी करावी, एकट्या सुनेची नव्हे. आणि ‘एस एस’ मुलाला ताप आला, छातीत दुखले, धाप लागली किंवा डाव्या बरगडीखाली पोट एकदम फुगले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.