कुंपणाची राखण

सन २००० च्या प्रारंभी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील मरूची परगण्यात सांडपाण्याचे पंप अकारण बंद पडू लागले. धोक्याच्या सूचनाही नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचेनाशा झाल्या. आरंभी सर्वांना हा यंत्रातील बिघाड वाटला. प्रत्यक्षात ती बिनतारी यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीचाच एक माजी कर्मचारी मोटारीत लॅपटॉप आणि रेडिओसंच घेऊन पंपांना खोट्या आज्ञा देत होता. स्थानिक प्रशासनाने नोकरी नाकारल्याचा तो सूड होता. सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी उद्यानांत आणि नदीत पसरले. २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. एकटा माणूस एवढे करू शकला. कारण आज्ञा देणारा कोण, याची पुरेशी शहानिशा ती यंत्रणा करीत नव्हती.

ही घटना दूरदेशीची म्हणून सोडून देता येणार नाही. जम्मूच्या सीमेवर २०१८ मध्ये आणि आसामातील धुबरी येथे ब्रह्मपुत्रेच्या पात्रात २०१९ मध्ये संवेदकांवर आधारलेली टेहळणी यंत्रणा उभी राहिली. धरणे, जलवाहिन्या, वीजवितरण येथेही हे चिमुकले पहारेकरी येत आहेत. जवानाच्या डोळ्यांना त्यांची जोड मिळते, हे स्वागतार्हच आहे. परंतु उघड्यावर बसविलेला, बॅटरीवर चालणारा संवेदक शत्रू उचलून नेऊ शकतो, त्यातील गुप्त किल्ली काढू शकतो. प्रबळ रेडिओलहरींनी त्याचा आवाज दाबता येतो; जुना संदेश टिपून पुन्हा ऐकविताही येतो. मुका झालेला पहारेकरी निदान लक्षात येतो. ‘सर्व क्षेम आहे’ असे खोटे सांगणारा अधिक घातक.

उपाय अज्ञात नाहीत. प्रत्येक संवेदकाला स्वतंत्र किल्ली, प्रत्येक संदेशाची ओळख व क्रमांक पडताळणी, शेजारच्या संवेदकांच्या नोंदींशी ताळमेळ, कर्मचारी सोडून जाताच त्याचे अधिकार रद्द करणे, एवढी शिस्त हवी. तिच्यासाठी थोडी वीज आणि थोडा पैसा अधिक लागतो. नेमका तोच सर्वात कमी दराच्या निविदेत वाचविला जातो. भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाचाचणी अनिवार्य करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२४ मध्ये घेतला. तीच कसोटी नगरपालिका आणि पाटबंधारे खात्याच्या संवेदकांनाही लागली पाहिजे, आणि तीही खरेदीपूर्वी.

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी केव्हाच विचारून ठेवला आहे. कुंपण आता बिनतारी झाले, एवढाच फरक. त्याची राखण करण्याचे कर्तव्य मात्र आपलेच आहे.