जंतूंचा उपसा आणि आपली अर्धी मात्रा



विहीर खोदताना झरा फुटला की आपण इंजिन लावतो. झऱ्यापेक्षा इंजिनाचा उपसा जास्त असेल तर विहीर भरत नाही आणि तळाशी काम चालू राहते. औषधाला न जुमानणारा जंतू नेमके हेच करतो. त्याच्या आवरणात प्रथिनांचे सूक्ष्म पंप असतात. औषध आत झिरपते, पंप ते बाहेर फेकतो. जंतू मरावा एवढे औषध आत साठतच नाही.

टेट्रासायक्लीन या औषधाचा असा उपसा १९८० साली अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. हा पंप कारभाराला मोठा काटकसरी. औषध नसेल तेव्हा जंतू तो जवळजवळ बनवतच नाही. औषधाचा अंश आत आला की तोच कळ दाबतो आणि पंप तयार होऊ लागतात. शिवाय या पंपाचा आराखडा एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. आपण शेजाऱ्याला मोटर उसनी दिली तर आपले भिजवणे थांबते. जंतू नक्कल देतो आणि स्वतःचा पंप राखून ठेवतो. पुष्कळदा त्याच गाठोड्यात इतर औषधांना तोंड देण्याची युक्तीही बांधलेली असते. काही पंप तर असे की एकमेकांशी संबंध नसलेली अनेक औषधे एकटेच बाहेर काढतात.

हे डॉक्टरांचे काम, संघटनेचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. याच लेव्हींनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लीन मिसळलेले खाद्य दिले. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यांतले बहुतेक जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत तसेच जंतू शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटात सापडू लागले. शेजारच्या वस्तीत ते प्रमाण फार कमी होते. ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी तपासलेल्या दहापैकी आठ जणांत असे जंतू सापडले नाहीत. म्हणजे पहिला फटका गिऱ्हाइकाला बसत नाही. तो शेतावर राबणाऱ्या कुटुंबाला बसतो.

आता आपल्या बांधावर या. डाळिंबावर तेल्या दिसला की स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी फुटते. त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसीन आणि दहा टक्के टेट्रासायक्लीन. पहिले क्षयरोगावर वापरले गेलेले औषध, दुसऱ्याची गोष्ट वर सांगितलीच. तेल्या जंतूंमुळे होतो, तिथे निदान हिशेब तरी आहे. पण बुरशीच्या रोगावरही 'असू द्या बरोबर' म्हणून तीच पुडी टाकीत पडते. बुरशीला त्याचे काही वाटत नाही. पानावरचे आणि मातीतले जंतू मात्र शिकून घेतात. गोठ्यातही तेच. दगडी झालेल्या गाईला दोन इंजेक्शने देतो, सूज उतरली की तिसरे वाचवतो. अर्ध्या मात्रेत दुबळे जंतू मरतात, उपसा दांडगा असलेले उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते.

आम्ही शेतकीचे पदवीधर. ही शिफारस वर्षानुवर्षे आम्हीच मेळाव्यांतून सांगत आलो. त्यातला आमचा वाटा नाकारता येणार नाही.

सरकारचे उत्तर ठरलेले असते: बंदी. जुलै २०१९ मध्ये जनावरे, कोंबड्या आणि मासे यांच्यासाठी कॉलिस्टिनवर बंदी आली. ती योग्यच होती. दवाखान्यात सगळी औषधे हरल्यावर जे हाती उरते ते कोंबडीचे वजन वाढवायला वापरणे हा शहाणपणा नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन-टेट्रासायक्लीनच्या शेतीतील वापरावर बंदीचा मसुदा निघाला. पण तेल्याने बाग काळी पडलेल्या शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी काय करायचे, हे मसुद्याने भागत नाही.

संघटनेने तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले आणि पुढेही मागेल. बियाणे चुकले तर नुकसान ज्याचे त्याचे. औषध बोथट झाले तर नुकसान साऱ्या गावाचे, आणि स्वातंत्र्याच्या नावाखाली ते शेजाऱ्याच्या लेकरावर लादण्याचा हक्क आम्ही मागितलेला नाही. बंदी येईपर्यंत थांबण्यापेक्षा शिस्त आपणच लावून घ्यावी.

म्हणून या जिल्हा बैठकीत तीन ठराव व्हावेत. रोग जंतूंचा आहे हे ठरल्याशिवाय पुडी फोडणार नाही. तेल्यासाठी रोगट फांद्या छाटून जाळणे, कात्री निर्जंतुक करणे आणि पावसाळी बहार टाळणे हे आधी. जनावराला डॉक्टरांनी सांगितलेली पूर्ण मात्रा देऊ, आणि त्या मुदतीतले दूध डेअरीला घालणार नाही. वजन वाढवण्यासाठी औषध घातलेले खाद्य घेणार नाही.

सरकारकडे मागणे दोन: तालुक्याला रोगनिदानाची प्रयोगशाळा आणि दवाखान्यात हजर असलेला पशुवैद्य. डेअरीकडे एक: निर्मळ दुधाला वेगळा दर. मुदतीतले दूध ओतून देण्याचा तोटा एकट्या गोठ्याने सोसायचा असेल तर तो ठराव कागदावरच राहील.

ठराव करूनच घरी जाऊ.