तबकडीला भाव, गाणारीला काय?

अमेरिकेत ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्यांचा एक पंथच आहे. २०१३ साली टॉमी जॉन्सन या मिसिसिपीच्या ब्लूज गायकाची पॅरामाउंट कंपनीची एक तबकडी इंटरनेटवरील लिलावात ३७,१०० डॉलर्सला गेली. जॉन्सन १९५६ सालीच वारला होता. हा आकडा वाचून आपलेही काही लोक भारावतात. आम्ही भारावलो नाही. पैसा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, हे आम्हाला आधी पाहावेसे वाटते.

१९२० साली मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायिले, तबकडी धडाक्याने खपली आणि कृष्णवर्णीय माणूसही गिऱ्हाईक असतो हे कंपन्यांना उमगले. मग त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' नावाची वेगळी यादी निघाली. पाणवठा वेगळा तशी यादीही वेगळी. आमच्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको. पॅरामाउंट तर विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा. फोनोग्राफची कपाटे खपावीत म्हणून ते तबकड्या काढत, त्याही हलक्या प्रतीच्या. चार्ली पॅटन, सन हाऊस, स्किप जेम्स असे दिग्गज तिथे गाऊन गेले. बहुतेकांच्या हातावर एकरकमी मोबदला टेकवला गेला, हक्क कंपनीकडे राहिले. मंदीत कंपनी बुडाली, धातूचे मूळ साचे भंगारात गेले. उरल्या त्या गरीब कृष्णवर्णीयांच्या घरातील झिजलेल्या प्रती.

गीशी वायली आणि एल्व्ही थॉमस या दोघी १९३० साली ग्राफ्टनला गाऊन आल्या. दोघींची मिळून सहाच गाणी. 'लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज'च्या ज्ञात प्रती दहाच्या आत. वायलीचा खात्रीचा एक फोटो नाही. तबकडी मात्र कापसात गुंडाळून जपली जाते!

संग्राहकांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पन्नास-साठच्या दशकात दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दारोदार फिरून, किरकोळ पैशांत तबकड्या विकत घेणारे हे बहुतेक गोरे तरुण नसते, तर आज ऐकायलाही काही उरले नसते. 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' या गाण्यातील गावाच्या नावावरून माग काढत त्यांनी १९६३ साली मिसिसिपी जॉन हर्टला त्याच्या गावी गाठले. १९२८ साली गाणी रेकॉर्ड केलेला हा कलावंत तिथे शेतावर राबत होता. जगाची टाळी त्याला तीन वर्षे मिळाली. १९६६ साली तो गेला. पण कोण थोर, हेही याच मंडळींनी ठरवले. दुर्मीळ तेच अस्सल ठरले. ज्या गायिकांना कृष्णवर्णीय जनतेने खरोखर डोक्यावर घेतले, त्या 'बाजारू' ठरल्या.

त्यांतली सर्वात मोठी बेसी स्मिथ. कोलंबिया कंपनीला तिने अमाप पैसा मिळवून दिला, पण तिच्या करारात रॉयल्टी नव्हती. १९३७ साली ती वारली आणि १९७० पर्यंत तिच्या कबरीवर साधा दगड नव्हता. वकिलीत असल्यामुळे दुसरे एक प्रकरण आम्हाला महत्त्वाचे वाटते. रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली वारला. १९९० साली निघालेल्या त्याच्या गाण्यांच्या संचाच्या लाखो प्रती खपल्या. मिसिसिपीत खडीचा ट्रक चालवणारा क्लॉड जॉन्सन हा त्याचा मुलगा आणि वारस, हे न्यायालयाने १९९८ साली मान्य केले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्यावर शिक्कामोर्तब केले. हे घडले, कारण त्याच्या आईची एक वृद्ध मैत्रीण साक्ष द्यायला हयात होती. ज्यांची साक्षीदार आधीच गेली, त्यांचे काय?

आता कडू गोष्ट. १९२१ साली हॅरी पेस यांनी 'ब्लॅक स्वान' ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी काढली. संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस होते. संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून मागितल्या, ते हेच. या कंपनीने बेसी स्मिथला नाकारले. आवाज फार रांगडा वाटला! १९२३ साली तीच बेसी कोलंबियाकडे गेली, आणि १९२४ साली 'ब्लॅक स्वान' पॅरामाउंटच्या हाती गेली.

हा रोग आपल्या शिकलेल्या घरांना नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय? जलशांची, गायन पार्ट्यांची गाणी आपल्यापैकी किती जणांना दिवाणखान्यात चालतात? वामनदादा कर्डकांचे नाव तरी राहिले. गावोगावच्या पार्ट्यांचे पेटीवाले, ढोलकीवाले, कोरस धरणाऱ्या बाया यांची नावे कोणी लिहून ठेवली? ऐंशी-नव्वदच्या दशकातील कॅसेटी अजून माळ्यावर पडून आहेत. येत्या १४ एप्रिलच्या आधी त्या खाली उतरवाव्यात, त्या पार्टीतले जे कोणी हयात असतील त्यांच्याकडे जावे, आणि कोणी गायिले, कोणी वाजवले, कोणी लिहिले, कंपनीने किती पैसे दिले, कशावर सही अथवा अंगठा घेतला, हे तारखेनिशी लिहून घ्यावे.