पायरेथ्रमची वकिली

पायरेथ्रम हे शेवंतीच्या नात्यातले पांढऱ्या फुलांचे झुडूप. मूळचे अ‍ॅड्रिअ‍ॅटिक समुद्राकाठच्या डाल्मेशियातले. आज त्याची शेती मुख्यतः टास्मानियात आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात होते. फुलांतली पायरेथ्रिन ही सहा संयुगे कीटकांच्या मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग बंद होऊ देत नाहीत, त्यामुळे कीड क्षणात लुळी पडते.

या पिकाची बाजू त्याच्या चाहत्यांनीच लंगडी केली आहे. ‘नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी’ असे ते म्हणतात. निकोटिनही नैसर्गिकच असते! पायरेथ्रिन माशांना अतिशय विषारी आहे आणि फवारा अंगावर आला तर मधमाशीही मरते. कुंपणाला ही रोपे लावली की डास फिरकत नाहीत, ही समजूत तर त्याहून भाबडी. पायरेथ्रिन मुख्यतः फुलाच्या गाभ्यातील बीजफळांत साठते. फुले वाळवून दळल्याशिवाय किंवा त्यांचा अर्क काढल्याशिवाय त्याचा कीटकनाशक म्हणून उपयोग नाही.

विरोधकांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पायरेथ्रिन उन्हात काही तासांत निकामी होते. इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे मायकेल इलियट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये उन्हात टिकणारे पर्मेथ्रिन हे कृत्रिम कीटकनाशक जाहीर केले. मग फुले पिकवायची कशाला? उभ्या पिकाला दीर्घकाळ संरक्षण हवे असेल, तर हे म्हणणे मान्य करावेच लागते. पण तोडणीला आलेल्या भाजीवर टिकाऊपणा हाच दोष ठरतो. तिथे काम उरकून लवकर नाहीसे होणारे औषध हवे, आणि पायरेथ्रमची खरी बाजू हीच आहे.

कृत्रिम औषधांनी केनियातले पीक बुडवले, हेही अर्धेच खरे. केनिया एकेकाळी जगाचा प्रमुख पुरवठादार होता. तिथे फुले हाताने आणि पुन्हा पुन्हा खुडावी लागतात. सरकारी मंडळाकडे फुलांचे पैसे थकत गेले, तसे शेतकरी या पिकापासून दूर झाले. टास्मानियाने यंत्राने कापणी करून बाजार काबीज केला.

ही लागवड सर्वत्र खपवण्याचा उत्साह मात्र आवरायला हवा. कळ्या धरायला थंडी लागते. म्हणून भारतात काश्मीर आणि निलगिरीत ती करून पाहिली गेली, दख्खनच्या उन्हाळ्यात तिचा निभाव लागणे कठीण. वाळलेल्या फुलांत पायरेथ्रिन साधारण १ ते २ टक्के असते, म्हणून भाव वजनावर नव्हे, या प्रमाणावर ठरला पाहिजे.