प्रायव्हेट कोणासाठी?

पावसाळ्यात शनिवार-रविवार आला की चिखलदऱ्यात अमरावती, अकोला, परतवाड्याकडून गाड्यांची रीघ लागते. तिथल्या एखाद्या बारा खोल्यांच्या लॉजसाठी आरक्षणाचे सॉफ्टवेअर लिहायचे आहे, असे समजा. प्रत्येक तारखेसाठी ‘मुक्काम’ या क्लासचा एक ऑब्जेक्ट आणि त्यात ‘शिल्लक’ हे फील्ड, म्हणजे त्या रात्री रिकाम्या असलेल्या खोल्या. हे फील्ड पब्लिक ठेवले, तर वेबसाइटचा कोड त्यातून एक वजा करतो, एजंटसाठी लिहिलेला कोड करतो, फोनवरची बुकिंग नोंदवणारा कोडही करतो. तिघांपैकी एकात शून्याची तपासणी राहून गेली की शिल्लक उणे एक होते. मग एखादे कुटुंब रात्री धुक्यातून घाट चढून येते आणि खोलीच नाही हे त्यांना काउंटरवर कळते. चूक कुठे झाली हे शोधायला सगळा प्रोग्राम पालथा घालावा लागतो.

फील्डपुढे प्रायव्हेट लिहिले की शिल्लकेला हात लावण्याचा हक्क त्या क्लासच्या मेथडपुरता उरतो. बाहेरच्याने ‘आरक्षण’ ही मेथड बोलवायची. खोली द्यायची की नाही, हे तीच ठरवणार. दोन थ्रेड एकदम आले तर लॉक कुठे लावायचे, याचेही उत्तर एकाच जागी मिळते. उद्या नुसत्या आकड्याऐवजी खोल्यांची यादी ठेवायची ठरली, तरी बाहेरच्या कोडला धक्का लागत नाही. डेव्हिड पार्नास यांनी 1972 साली हाच विचार मांडला होता: पुढे बदलू शकतील असे निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवावेत.

तरीही प्रायव्हेटबद्दलचे दोन गैरसमज मुलाखतींत आणि वर्गांत वारंवार भेटतात.

पहिला असा की प्रायव्हेट फील्ड त्या एका ऑब्जेक्टपुरते असते. समजा, पाहुण्यांनी शनिवारची बुकिंग रविवारवर ढकलायला सांगितली. ‘मुक्काम’ क्लासमधली मेथड शनिवारच्या ऑब्जेक्टवर चालते, रविवारचा ऑब्जेक्ट तिला पॅरामीटर म्हणून मिळतो, आणि ती दोघांचीही शिल्लक थेट बदलू शकते. जावा, सी प्लस प्लस आणि सी शार्प यांत हे चालते, कारण तिथे कुंपण क्लासभोवती असते. नियम ज्याने लिहिला, त्याच्यावर भाषा विश्वास टाकते. स्मॉलटॉकमध्ये मात्र कुंपण खरोखरच ऑब्जेक्टभोवती आहे. दुसऱ्या ऑब्जेक्टच्या फील्डपर्यंत मेसेज पाठवूनच जावे लागते. भाषा बदलताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

दुसरा गैरसमज अधिक घातक: प्रायव्हेट म्हणजे सुरक्षितता. सी प्लस प्लसमध्ये ही तपासणी कंपायलर करतो. तयार झालेल्या मशीन कोडमध्ये तिचा मागमूस राहत नाही. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनीही ही राखण नजरचुकीपुरती असल्याचे स्पष्ट केले आहे. मुद्दाम केलेली लबाडी तिने अडत नाही. जावात व्हर्च्युअल मशीनही तपासणी करते, पण रिफ्लेक्शनने तो दरवाजा उघडता येतो. 2017 सालच्या जावा 9 मधल्या मॉड्यूलांनी त्याला आवर घातला, आणि 2021 च्या जावा 16 पासून खुद्द जेडीकेच्या अंतर्भागातली ही वाट मुळातच बंद ठेवली जाते. पायथनमध्ये नावापुढे दोन अंडरस्कोअर दिले की फक्त नाव बदलते, आणि बदललेले नाव ठाऊक असणाऱ्याला फील्ड वाचता येते. टाइपस्क्रिप्टचा प्रायव्हेट शब्द जावास्क्रिप्ट तयार होताना पुसला जातो. जावास्क्रिप्टची स्वतःची हॅश लावलेली फील्ड मात्र कोड चालतानाही बाहेरच्याला दाद देत नाहीत. तेव्हा पाहुण्याचा आधार क्रमांक प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवला म्हणून तो सुरक्षित झाला, असे कोणी समजू नये. त्यासाठी एन्क्रिप्शन आणि सर्व्हरवरच्या परवानग्याच लागतात.

या समजुतींतून आपल्या कामात एक वाईट सवय शिरली आहे. फील्ड प्रायव्हेट करायचे आणि लगेच एडिटरला सांगून प्रत्येकाचा गेटर-सेटर काढून घ्यायचा. ‘शिल्लक ठरवा’ असा पब्लिक सेटर दिला की वेबसाइटचा कोड पुन्हा उणे एक लिहायला मोकळा! प्रायव्हेट हा शब्द जागेवर राहतो, त्याचे काम मात्र संपते.

म्हणून पुढच्या कोड रिव्ह्यूत प्रत्येक सेटरपाशी थांबा आणि विचारा: हा कोणाला हवा आहे, आणि कोणत्या कामासाठी? कामाचे नाव सांगता आले, तर त्या नावाची मेथड लिहा: ‘आरक्षण’, ‘रद्द’, ‘तारीखबदल’. सांगता आले नाही, तर सेटर काढून टाका. शिकवणाऱ्या मित्रांना आग्रहाची विनंती अशी, की ‘प्रायव्हेट म्हणजे काय’ या दोन गुणांच्या प्रश्नाऐवजी विद्यार्थ्यांसमोर असा एक बिघडलेला क्लास ठेवा आणि तो दुरुस्त करायला सांगा. ज्याने उणे शिल्लक स्वतः शोधली आणि थांबवली, त्याला व्याख्या पाठ करावी लागणार नाही.