वर्गणी की भाडे?

गेल्या गणेशोत्सवात महूच्या छावणीतील एका देवळात, सायंकाळच्या आरतीच्या वेळी, एक लहानसा प्रसंग घडला. नेहमी पेटी वाजविणारे वृद्ध गृहस्थ आजारी होते, म्हणून एका तरुण कार्यकर्त्याने आपला मोबाइल ध्वनिक्षेपकास जोडून आरत्या लावल्या. गणपतीची आरती संपली. देवीची सुरू व्हावयाची. टाळ हातात तोलून सारे उभे. तोच ध्वनिक्षेपकातून एका खणखणीत आवाजाने समस्त भक्तमंडळींस घरबसल्या कर्ज देऊ केले! मुले हसली, वडीलधारी मंडळी संतापली, आणि प्रसाद वाटून झाल्यावर या विषयावर रीतसर बैठक भरली.

बैठकीत तीन पक्ष पडले. पहिल्याचे म्हणणे असे की, गाणे फुकट मिळते आहे, तेव्हा मधली जाहिरात मुकाट्याने ऐकावी. दुसऱ्याचे म्हणणे, दरमहा थोडे पैसे भरले की जाहिराती बंद होतात. ते भरावेत आणि देवाची विटंबना टाळावी. तिसरा पक्ष खजिनदारांचा. ते म्हणाले, पैसे अवश्य भरा. पण मग दर गुरुवारी भजनास येणारे गायक, तबलजी आणि पेटीवाले यांना बिदागी कशासाठी द्यावयाची? वर्षाची वर्गणी एकदा भरली की जगातले सारे गवई आपल्या देवळात हजर!

आम्ही वकील, म्हणून आमचे मत विचारण्यात आले. उभ्या उभ्या जे मत दिले ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले. शिवाय हा प्रश्न एकट्या महूचा नाही. गोव्यापासून मुंबईपर्यंत आणि मंगळूरपासून माळव्यापर्यंत जेथे जेथे आपली देवळे आहेत, तेथे तेथे तो आज ना उद्या उभा राहणार आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम फुकटवाल्यांचा समाचार घेऊ. गाणे कधी तरी फुकट होते काय? आमच्या या इंदूर प्रांताचेच उदाहरण घ्यावे. पखवाजाच्या क्षेत्रात ज्यांच्या नावाने घराणे चालते ते नाना पानसे इंदूरचे. त्यांना होळकरांचा आश्रय होता. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी सारंगिये होते. रयतेच्या कानी दरबारचे गाणे पडले असेल तर ते रयतेच्याच सारातून पोसलेले होते. पुढे ध्वनिमुद्रिका आली, ती विकत घ्यावी लागे. 1955 साली इंदूरला आकाशवाणीचे केंद्र झाले. पण रेडिओ घरी ठेवावयाचा तर सरकारी परवाना लागे आणि त्याची वार्षिक फी टपाल कचेरीत भरावी लागे. ही फी 1980 च्या दशकात रद्द झाली. तात्पर्य, कोणी ना कोणी पैसे देतच होते. आज जो ‘फुकट’ ऐकतो तोही देतो. त्याचे अवधान विकले जाते, आणि त्या अवधानाची किंमत जाहिरातदार मोजतो. बाजारात बसून कानाचा लिलाव होऊ देण्यास ज्याची हरकत नसेल त्याने खुशाल होऊ द्यावा. परंतु गाभाऱ्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या शंभर माणसांचे कान विकण्याचा अधिकार कोणा कार्यकर्त्यास नाही.

आता दुसरा पक्ष. यांची भूमिका अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक काळजीने तपासली पाहिजे. गेल्या काही वर्षांत या सेवांचा एका माणसासाठीचा दर दरमहा शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास राहिला आहे. दीडशे धरले तर वर्षाचे 1,800 आणि दहा वर्षांचे 18,000 रुपये होतात. जो रोज तास दोन तास कान देऊन ऐकतो, आज कुमार गंधर्व तर उद्या केसरबाई असा ज्याचा शोध चालू असतो, त्यास ही रक्कम जड नाही. आमच्या विद्यार्थिदशेत तेवढ्या गाण्यांचा संग्रह करावयाचा तर घर विकावे लागले असते. तेव्हा घरगुती श्रोत्यापुरते आमचे उत्तर स्पष्ट आहे: ऐकणाऱ्याने पैसे भरावेत, न ऐकणाऱ्याने केवळ शेजाऱ्याने भरले म्हणून भरू नयेत.

परंतु भरताना आपण काय विकत घेतो हे समजून घ्यावे. मराठीत या रकमेस ‘वर्गणी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मते हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. वर्गणी आपण गणेशोत्सवास देतो, ग्रंथालयास देतो, मासिकास देतो. वर्गणीने माणूस एखाद्या कार्याचा भागीदार होतो. मासिकाचे अंक तर वर्ष संपले तरी त्याच्या कपाटात राहतात. या ॲपला आपण जे देतो ते शुद्ध भाडे आहे. भाडे थकले की घर सोडावे लागते. मोबाइलवर ‘उतरवून घेतलेले’ गाणेसुद्धा पैसे थांबताच मुके होते. आमच्या वडिलांनी घेतलेल्या ध्वनिमुद्रिका आजही आमच्या घरी आहेत. त्या आम्ही विकू शकतो, देऊ शकतो, मुलांसाठी ठेवू शकतो. ॲपमधील गाण्यांचे मृत्युपत्र करता येत नाही.

आणि हे घर तरी मालकाचे स्वतःचे आहे काय? तेही नाही; ॲप हा पोटभाडेकरू आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे टिप्स आणि विंक यांच्यातील वाद चालला, तो या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. प्रसारण संस्थांना ठरावीक मोबदला देऊन गाणी वापरण्याचा जो वैधानिक परवाना कॉपीराइट कायद्याच्या कलम 31 ड मध्ये आहे, तो आपणांसही मिळावा असे विंकचे म्हणणे होते. 2019 साली न्यायालयाने ते अमान्य केले आणि 2022 साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. म्हणजे ॲपने प्रत्येक ध्वनिमुद्रण कंपनीशी स्वतंत्र करार करावयाचा, आणि करार तुटला की गाणी गेली. 2023 च्या मार्च महिन्यात झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून नाहीशी झाली ती याच कारणाने. कधी गाणीच काय, सबंध घरच जाते: रेसो आणि विंक ही दोन्ही ॲपे 2024 साली बंद झाली. आम्ही स्वतः एका सेवेवर चार वर्षे खपून नाट्यगीतांची एक यादी जमविली होती. एका सकाळी पाहतो तो तिच्यातील निम्मी नावे करडी पडलेली. तक्रार कोणाकडे करावयाची? करारात सारे लिहिलेले होते, आणि आम्ही वकील असूनही ते वाचले नव्हते.

असो. भाडे म्हणून भाडे द्यावयास हरकत नाही. आमचा खरा आक्षेप पुढेच आहे. दुसऱ्या पक्षातील सज्जनांची अशी समजूत असते की, पैसे भरले म्हणजे आपण गवयाचे देणे फेडले. ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मोठ्या सेवांत प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या गायकास जात नाहीत. साऱ्यांचे पैसे एका हंड्यात पडतात; त्यातून सेवा आपला वाटा काढून घेते आणि उरलेले धन एकंदर श्रवणसंख्येच्या प्रमाणात हक्कदारांत वाटले जाते. आपण महिनाभर एका गोमंतकीय भजनी गायकाखेरीज दुसरे काही ऐकले नाही, तरी आपल्या पैशाचा फार मोठा भाग ज्याचे गाणे देशभर वाजते आहे त्या चित्रपटाच्या कंपनीकडे जातो. स्पॉटिफायने तर 2024 पासून असा नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत ज्या ध्वनिमुद्रणाचे श्रवण एक हजारापेक्षा कमी झाले, त्यास या वाटणीत काहीच मिळावयाचे नाही. एखाद्या खेड्यातील कोकणी भजनाला वर्षभरात हजार श्रोते मिळाले नाहीत, तर त्या गायकाच्या पदरी शून्य! ज्याला द्यावयाचे म्हणून आपण पैसे भरले, नेमका तोच पंक्तीतून उठविला जातो.

गायकाचे हे देणे किती जुने आहे याची साक्ष देण्यास इंदूरइतके योग्य ठिकाण नाही. 28 सप्टेंबर 1929 रोजी लता मंगेशकर इंदूरला जन्मल्या. त्यांचे आडनाव मात्र गोव्यातील मंगेशीचे. वडील दीनानाथ तेथले. ध्वनिमुद्रिका विकली जात आहे तोवर गायकास तिचा अंश मिळाला पाहिजे, ही मागणी लताबाईंनी 1960 च्या दशकाच्या आरंभी केली. गाण्याचे पैसे एकदा घेतले की संबंध संपला असे महंमद रफींचे मत होते. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. 1977 साली सर्वोच्च न्यायालयात गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा निर्णय चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने लागला. तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालास जोडलेल्या टिपणीत, गाणाऱ्यास आपल्या कायद्यात स्थानच नाही ही उणीव संसदेच्या नजरेस आणली. 1994 साली गायकाचे काही हक्क कायद्यात आले आणि 2012 च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगातील मोबदल्याचा हक्क मिळाला. इंदूरला जन्मलेल्या बाईंनी मागितलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास सुमारे अर्धे शतक लागले! आणि ज्यास कंपनी नाही, करार नाही, त्या देवळातील गायकास ते पुस्तक आजही उपयोगी पडत नाही.

आता तिसरा पक्ष, म्हणजे खजिनदार. प्रथम कायदा सांगतो. व्यक्तिगत वर्गणी ही बहुतेक सेवांच्या अटींप्रमाणे व्यक्तिगत उपयोगापुरतीच असते. ती ध्वनिक्षेपकावर लावून देऊळ चालविण्यासाठी नसते. तेव्हा खजिनदारांची काटकसर कराराच्या पहिल्याच दाराशी अडखळते. कॉपीराइट कायदा मात्र देवळाविषयी उदार आहे. कलम 52 अन्वये प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात एखादी रचना गाणे वा ध्वनिमुद्रण वाजविणे हा हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरातही त्यात मोडते. म्हणजे आपल्या आरतीसाठी, पालखीसाठी, भजनासाठी कवीने, संगीतकाराने वा कंपनीने आपणांकडे पैसे मागावयाचे नाहीत, असे संसदेने ठरवून दिले आहे.

येथेच आमच्या सांगण्याचा गाभा आहे. कायद्याने सूट दिली म्हणजे ऋण फिटले असे नव्हे. न्यायालय ज्या देण्याची वसुली करीत नाही ते देणे घेणाऱ्याच्या सदसद्विवेकावर राहते. आणि ज्याचा सारा डोलारा श्रद्धेवर उभा आहे त्या देवळाने तरी हे विसरू नये. आपल्या देवळांनी पूर्वी हे जाणले होते. गोमंतकातील देवस्थानांत वाजंत्री, कीर्तनकार, कलावंत यांच्या नेमणुका असत आणि त्यापोटी जमीन किंवा धान्य तोडून दिलेले असे. ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या गळ्याने पालखी शोभे त्या कलावंतिणींना समाजाने मानाचे पान कधी दिले नाही, ही आपल्या देवळांवरील काळी रेघ आहे आणि ती पुसता येणार नाही. परंतु त्या काळीही गाणे फुकट असते असे कोणी म्हटले नव्हते. मान दिला नाही, पण धान्य तरी दिले. आज आपण मान देऊ म्हणतो, शाल-श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो, आणि बिदागीचे दोन हजार रुपये वाचविण्यासाठी मोबाइल लावतो. याला प्रगती म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही.

कोणी म्हणेल, मोबाइलवरचे गाणे गुरुवारच्या गायकापेक्षा कितीतरी सुरेल असते. असेल. पण मोबाइल चुकत नाही, आणि म्हणून शिकवीतही नाही. आमच्या देवळातील तबलजींच्या मागे बसून दोन मुले गेल्या वर्षी ठेका धरावयास शिकली. बिदागी बंद झाली की तबलजी येणार नाहीत. तबलजी आले नाहीत की ती मुले येणार नाहीत. आणि वीस वर्षांनी आरतीस टाळ धरणारा हातही भाड्याने आणावा लागेल. मोठे गवईसुद्धा कोठे तरी मागे बसूनच तयार होतात. मंगेशीच्या देवळात कीर्तन झालेच नसते तर जितेंद्र अभिषेकींच्या कानी पहिले सूर कोठून पडले असते?

म्हणून आमचे मत असे. ज्यास ऐकावयाचे आहे त्याने आपल्या घरी खुशाल पैसे भरावेत. ते भाडे आहे हे ओळखून भरावेत, आणि आवडत्या गायकाची तबकडी विकत मिळत असेल तर ती घ्यावी. देवळाने मात्र या वादात पडूच नये. देवळाच्या जमाखर्चात ‘संगीत’ असे एक स्वतंत्र खाते असावे, त्यात जिवंत माणसास दिलेली बिदागी लिहावी, आणि ती रक्कम रोषणाईच्या रकमेहून कमी नसावी. पेटीवाले आजारी पडले तर त्या दिवशी आरती बिनपेटीची व्हावी. टाळ आणि टाळ्या आपल्या पूर्वजांस पुरल्या होत्या. आणि आरती झाल्यावर दोघांनी जाऊन पेटीवाल्यांची विचारपूस करून यावे.

त्या रात्रीच्या बैठकीत निर्णय झाला नाही. हिशेबाच्या बैठकीपर्यंत विषय तहकूब झाला. खजिनदार आमचे स्नेही आहेत आणि हा लेख ते वाचतीलच. त्यांना एवढेच विचारावयाचे आहे: गेली सव्वीस वर्षे जो माणूस आपल्या देवासमोर गात आला, त्यास ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगावयास आपणांपैकी कोण जाणार? वकिलाची फी दिली तरी ते काम आम्ही घेणार नाही.