चावी ज्याच्या हाती, हिशेबही त्याच्याच माथी

महाराष्ट्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वर्षअखेरीस राज्यावर सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांचे कर्ज असेल, हा पहिला. महसुली तूट ४५,८९१ कोटींची असेल, हा दुसरा. बोलबाला पहिल्याचा होतो. खरी काळजी दुसऱ्याची वाटायला हवी. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींची धरली होती, म्हणजे त्या वर्षी जवळपास तेवढी उसनवारी करावी लागणार. तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने यांची तोंडमिळवणी करण्यात जाणार. त्यातून ना कालवा होणार, ना शाळेची इमारत. फेड मात्र पुढच्या पिढीने करायची. याला सत्ताधारी पक्ष जबाबदार आहे, असे म्हटले की तीन उत्तरे ठरलेली असतात. ती एकेक तपासू.

पहिले उत्तर : कर्ज मर्यादेत आहे. २०२५-२६च्या अंदाजानुसार राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी ते १९ टक्क्यांच्या आत आहे, मर्यादा २५ टक्क्यांची आहे. आकडे खरे आहेत आणि अनेक राज्यांपेक्षा महाराष्ट्राची पत चांगली आहे, हेही मान्य. पण हे गुणोत्तर काढताना धरले जाते राज्यातल्या सगळ्यांचे उत्पन्न. व्याज मात्र सरकारच्या तिजोरीतून जाते आणि ते आता वर्षाला साठ हजार कोटींच्या पुढे गेले आहे. शिवाय राज्याने २००५ साली वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. महसुली तूट संपवणे हे त्याचे एक मुख्य उद्दिष्ट होते. कर्जाची मर्यादा पाळली, म्हणून त्या उद्दिष्टाकडे पाठ फिरवायची मुभा मिळत नाही.

दुसरे उत्तर : कर्ज सगळ्यांनीच काढले. हेही खरे. २०१४-१५ मध्ये कर्ज तीन लाख कोटींच्या घरात होते आणि त्यानंतर राज्यातले सगळे प्रमुख पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी महायुतीने लाडकी बहीण योजनेत महिलांना महिना २,१०० रुपये कबूल केले, तर विरोधी महाविकास आघाडीने ३,०००. या चढाओढीत विरोधक निर्दोष ठरत नाहीत. पण राज्यघटनेचा २०३वा अनुच्छेद सांगतो की राज्यपालांच्या शिफारशीवाचून अनुदानाची कोणतीही मागणी सभागृहापुढे येऊ शकत नाही; आणि ही शिफारस व्यवहारात मंत्रिमंडळाचीच असते. विरोधी आमदार कपात सूचना मांडू शकतो, मागणीत एक रुपयाही वाढवू शकत नाही. विरोधकाचे आश्वासन हवेत राहते, सत्ताधाऱ्याचे तिजोरीतून वसूल होते. म्हणून दोघांची जबाबदारी सारखी धरता येत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत वजनदार : काटकसरीचा आग्रह म्हणजे गरिबांच्या पोटावर पाय. लाडकी बहीण योजनेतून शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या खात्यावर महिन्याला दीड हजार जमा झाले, तर गॅसची टाकी येते, वाण्याची उधारी फिटते आणि त्यासाठी तिला घरात कोणापुढे हात पसरावा लागत नाही. याला रेवडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पण त्या बाईला दिलेला शब्द टिकावा, असे ज्याला वाटते त्याने तो कसा दिला गेला हेही पाहावे. २८ जून २०२४ला ही योजना जाहीर करणारा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. निवडणूक पार पडल्यावर मग पडताळणी झाली आणि २०२५च्या जुलैपर्यंत सुमारे २६ लाख लाभार्थींचे पैसे थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. हा पैसा त्याच समाजांतल्या बहिणींना मिळतो, हे सरकारचे म्हणणे धरले तरी वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या सांभाळणाऱ्या खात्यांचा निधी कमी झालाच. बेहिशेबी खर्चाचा पहिला फटका गरिबालाच बसतो, तो असा.

मग करायचे काय? उत्तर याच राज्याच्या इतिहासात आहे. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली होती. हाताला काम देण्याचा हा शब्द पाळायचा, तर पैसा लागणार होता. तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी १९७५ साली व्यवसाय कर लावला आणि करातून जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरवले. आजही पगाराच्या चिठ्ठीत पी.टी. म्हणून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, ते त्याच करापोटी. शहरातल्या पगारदाराकडे जाऊन खेड्यातल्या मजुरासाठी पैसे मागण्याचे धैर्य त्या सरकारने दाखवले. निवडणुका त्यांनाही लढवायच्या होत्या.

संयम म्हणजे हेच : शब्द देतानाच पैसा कुठून येणार ते सांगणे. यासाठी सत्ताधारी पक्षाने तीन गोष्टी स्वतःवर बंधनकारक करून घ्याव्यात. प्रत्येक नव्या योजनेचा पाच वर्षांचा खर्च आणि त्याची तरतूद घोषणेआधी सभागृहात मांडावी. पुरवणी मागण्यांना मूळ अर्थसंकल्पाच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा घालावी. आणि महसुली तूट कोणत्या वर्षी शून्यावर येणार, ते साल लेखी द्यावे. तिन्हींसाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, विरोधकांची संमतीही लागत नाही. बहुमत पुरते आणि ते सत्ताधाऱ्यांकडे भरभक्कम आहे. लोकांनी ते दिले, ते कारभार करण्यासाठी. कर्ज काढण्याचा अधिकार ज्या बहुमतातून मिळतो, त्यालाच ते फेडण्याची वाट आखण्याचे कर्तव्यही चिकटलेले असते. आणि ते पार पाडल्याखेरीज पुढची एकही घोषणा करण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही सरकारला उरत नाही.